चिंचेवरची नोटीस

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चिंचेच्या बुंध्यावर नगरपरिषदेच्या माणसाने एक कागद ठोकला. ठोकला म्हणजे अक्षरशः दोन खिळ्यांनी ठोकला. दोन दिवस तो कोणी वाचलाच नाही. आमच्याकडे झाडांवर शिकवणी वर्गांच्या, भाड्याच्या खोल्यांच्या आणि मूळव्याधीवरील हमखास उपायांच्या इतक्या पाट्या असतात, की आणखी एका कागदाकडे मान वळवून पाहण्याचे कोणाला काही कारण नव्हते. तिसऱ्या दिवशी चिंचा पाडायला आलेल्या मुलांपैकी एका मुलीने तो अडखळत, मोठ्याने वाचला आणि घरी जाऊन आजीला सांगितले, की हे झाड तोडणार आहेत.

कागदावर लिहिले होते ते असे : सदर वृक्ष रस्ता रुंदीकरण व गटार बांधकामास अडथळा ठरत असल्याने काढून टाकण्याचे प्रस्तावित आहे, त्याच्या बदल्यात दहा रोपे लावण्यात येतील, आणि कोणाची हरकत असल्यास त्याने सात दिवसांच्या आत लेखी कळवावे. सातांपैकी तीन दिवस सरले होते. उरलेल्या चारांत एक रविवार होता आणि एक शिवजयंती.

त्या चार दिवसांत आणि नंतरच्या दोन-तीन महिन्यांत आम्ही गल्लीतली माणसे जे शिकलो, ते कोणत्याही वर्गात शिकलो नव्हतो. आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी आसपासच्या लहान गावांतून येतात आणि रस्ता रुंदीकरण आता कोणत्याच गावाला चुकलेले नाही. तेव्हा ही माहिती येथे लिहून ठेवली तर कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम कायदा. आपल्या राज्यात १९७५ सालापासून महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. शहरातील झाड कोणाच्याही मालकीचे असो, स्वतःच्या परसातले असो वा सार्वजनिक रस्त्यावरचे, ते परवानगीवाचून तोडता येत नाही. परवानगीचा विचार करण्यासाठी वृक्ष प्राधिकरण असते आणि प्रत्यक्ष काम पाहण्यासाठी वृक्ष अधिकारी. झाड तोडण्याचा प्रस्ताव आला की त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यायची आणि झाडावरही लावायची, हरकती मागवायच्या, जागेवर जाऊन पाहणी करायची आणि मग निर्णय घ्यायचा, असा क्रम आहे. परवानगी मिळाल्यावरही लगेच कुऱ्हाड चालवता येत नाही. पंधरा दिवस थांबावे लागते. ही मुदत कृपा म्हणून दिलेली नाही. निर्णय ज्याला मान्य नसेल त्याला दाद मागता यावी म्हणून ती आहे.

याच कायद्यात एक छोटी व्याख्या आहे. तिच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. झाड ‘तोडणे’ म्हणजे काय, तर त्यात झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हेही येते. ही व्याख्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

असो. नोटीस वाचल्यावर त्याच संध्याकाळी पंधरा-वीस माणसे चिंचेखाली जमली. सगळे एकदम बोलत होते. कोणी म्हणाले, या झाडाखाली आमचे बालपण गेले. कोणी म्हणाले, वर राघूंची घरटी आहेत. सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे काका म्हणाले, उन्हाळ्यात मी याच सावलीत बसतो, झाड गेले तर पत्र्याखाली भाजून निघेन. हे सगळे खरे होते. मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे हरकतीचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी रात्री बसून तीन पाने लिहिली. त्यात ऋतुचक्र होते, पूर्वजांचे ऋण होते, वृक्षांविषयी संतांना वाटणारी आस्थाही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाने मी आमच्या शेजारच्या अप्पांना दाखवली. अप्पा सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी चष्मा लावून सगळे शांतपणे वाचले आणि विचारले, “बाळ, हा अर्ज आहे की निबंध?” मग म्हणाले, “समोरच्या साहेबाला झाड आवडत नाही असे तू धरून चालली आहेस. त्याला झाड आवडत असेलही. पण त्याच्या टेबलावर एक कारण लिहिलेला कागद आहे. तुझ्या कागदाने त्या कारणाला उत्तर दिले पाहिजे.”

या एका वाक्याने आमच्या हरकतीचे स्वरूप बदलले. झाड तोडायला परवानगी का दिली जाते, याची कारणे मोजकी आहेत : झाड मेलेले आहे, रोगट आहे, वाऱ्याने पडलेले आहे, जीविताला किंवा मालमत्तेला त्यापासून धोका आहे, रहदारीला त्याचा अडथळा आहे, अशी. आमच्या नोटिशीत कारण अडथळ्याचे होते. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की अडथळा नेमका किती आहे आणि झाड न तोडता तो दूर होतो की नाही.

अप्पांनी जुना टेप काढला. मी वही घेतली. जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर बुंध्याचा घेर मोजतात, कारण अगदी तळाशी मुळांचे फुगवटे असल्याने माप फसवे येते; तो भरला तीन मीटर चाळीस सेंटिमीटर. मग रस्त्याची रुंदी, बुंध्यापासून रस्त्याच्या कडेचे अंतर, जुन्या गटाराची रेषा, विजेच्या खांबाची जागा. मापे कागदावर उतरली तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. झाडाच्या पुढे आठ फुटांवर विजेचा खांब रस्त्यात झाडापेक्षाही अधिक आत आला होता आणि नोटिशीत त्याचा उल्लेख नव्हता. झाड काढले तरी खांब हलेपर्यंत रस्ता एक इंचही रुंद होणार नव्हता. गटाराचे म्हणाल तर त्याची रेषा तीन फूट पलीकडे नेली तर बुंधा मोकळा राहत होता. तेवढ्यासाठी एका घराची बाहेर आलेली पायरी मात्र काढावी लागणार होती. ती पायरी कोणाची, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते, आणि सभेत त्यावर कोणी बोलत नव्हते. अखेर पायरीच्या मालकांनी स्वतःच विषय काढला तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखे झाले.

‘झाड न तोडता दुसरा मार्ग आहे काय’ हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, यासाठी इंग्लंडातील शेफील्ड शहराची हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथील नगरसभेने २०१२ साली रस्ते आणि पदपथ दुरुस्तीचा पंचवीस वर्षांचा ठेका एका कंपनीला दिला. त्या कामात रस्त्यांवरील सुमारे ३६,००० झाडांपैकी निम्मी, म्हणजे १७,५०० झाडे काढून त्या जागी नवी लावण्याचे उद्दिष्ट होते. पुष्कळ झाडांचा अपराध एवढाच होता, की त्यांच्या मुळांनी पदपथाची फरशी उचलली होती. रहिवासी विचारू लागले, की फरशी उचलली तर झाड कशासाठी तोडायचे? कडेचे दगड पातळ बसवता येत नाहीत का, पदपथाला थोडा उठाव देता येत नाही का, मुळांबरोबर वाकेल अशी फरसबंदी करता येत नाही का? असे उपाय नगरसभेच्या स्वतःच्या कागदांतच लिहिलेले होते. तरी १७ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, पोलिसांच्या बंदोबस्तात रस्टलिंग्ज रोडवरची आठ झाडे तोडण्यात आली आणि विरोध करणाऱ्यांना अटक झाली. त्यात वृद्ध स्त्रियाही होत्या. २०१८ मध्ये तोड थांबली. पुढे सर मार्क लोकॉक यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उपायांच्या यादीबाबत लोकांची आणि न्यायालयांचीही दिशाभूल झाली, असा ठपका त्यात नगरसभेवर आहे. त्याच वर्षी नगरसभेने माफी मागितली. पण तोपर्यंत हजारो झाडे गेली होती.

आमच्याकडे इतके काही घडणार नव्हते हे खरे. तरी वेळेचा मुद्दा आपल्याकडेही तितकाच कठोर आहे. मुंबईत आरे येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ४ तारखेला याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तेव्हा २,१४१ झाडे आडवी झाली होती.

आता दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. आमच्या सभेत एक किराणा दुकानदार होते. ते झाड तोडावे या मताचे होते आणि तसे उघड बोलले. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात याच चिंचेची एक वाळलेली फांदी पडून त्यांच्या मुलाचा खांदा मोडला होता. त्यांना ‘झाडाचे शत्रू’ म्हणणे सोपे होते आणि दोघातिघांनी तसे म्हटलेही. अप्पांनी मात्र त्यांना शेजारी बसवून घेतले आणि अर्जात एक कलम वाढवले : वाळलेल्या व पोकळ फांद्यांची जाणकाराकडून तपासणी करून त्या छाटाव्यात. मला वाटते आमच्या अर्जातला सर्वांत प्रामाणिक मजकूर तोच होता. झाड वाचवा म्हणणाऱ्यांनी झाडाखालून जाणाऱ्या माणसाची जबाबदारी घेतली नाही, तर त्यांच्या हरकतीला काय वजन राहणार?

बदल्यात दहा रोपे, याविषयीही थोडे सांगतो ते ऐकण्यासारखे आहे. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षे वयाच्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ असा दर्जा देण्यात आला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी झाडे बदल्यात लावावीत असे ठरले. रोपे सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षे त्यांची निगा राखली पाहिजे. म्हणजे आमच्या चिंचेचे वय पन्नासाहून अधिक आहे असे दाखवता आले, तर दहाचा आकडा आपोआप खोटा पडत होता. पण वय दाखवायचे कसे? घेरावरून अंदाज निघतो, पुरावा नाही. झाड कापून वलये मोजणे तर येथे अर्थातच शक्य नव्हते.

पुरावा निघाला तो आजींच्या ट्रंकेतून. हे आजी म्हणजे नोटीस वाचणाऱ्या त्या मुलीच्या आजी. त्यांच्या लग्नाची वरात १९६८ साली याच गल्लीत आली. त्या वरातीचा एक पिवळा पडलेला फोटो आहे. त्यात बँडवाले आहेत, बैलगाडी आहे आणि मागे चिंच आहे. तेव्हाही चांगली दुमजली उंचीची. फोटोच्या पाठीमागे छायाचित्रकाराचा शिक्का आणि तारीख होती. आदल्या संध्याकाळी आजी बालपण, संसार असे पुष्कळ बोलल्या होत्या आणि ते आम्ही अर्जातून गाळले होते. आता त्यांचा फोटो अर्जाला जोडला गेला. सातव्या दिवशी दुपारी, ४१ सह्यांनिशी, आम्ही अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. या शिक्क्याचा आग्रह धरावा. तोंडी हरकतीची नोंद कोठेच होत नाही.

येथे एक गोष्ट मनात आली ती सांगते. हेच झाड वडाचे असते तर गोष्ट इतक्या थराला गेली असती का? वडाला वटपौर्णिमा आहे, पिंपळाला पार आहे, औदुंबराखाली पादुका असतात. चिंचेच्या वाट्याला भुते आली. चिंचेखाली रात्री झोपू नये असे आमच्या लहानपणी सांगत. देव नसलेल्या झाडाला कोणी सूत गुंडाळत नाही. वास्तविक चिंच मोठी चिवट. तिचे लाकूड कठीण, मुळे खोल आणि वाऱ्यापुढे ती सहसा हार मानत नाही. गंमत म्हणजे ती मूळची आफ्रिकेची. अरबांनी तिला ‘हिंदी खजूर’ म्हटले, त्यावरून इंग्रजी नाव आले, आणि आपल्या आमटीत ती इतकी मुरली की परकी असल्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

वडाचे मात्र एक मोठे उदाहरण आपल्या राज्यात आहे. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातील भोसे येथे, यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळ एक वड होता. गावकरी त्याचे वय चारशे वर्षे सांगत. रत्नागिरी–नागपूर राष्ट्रीय महामार्गाच्या कामात तो जाणार असे २०२० साली दिसू लागले. भोसे हे खेडे असल्यामुळे शहरांसाठी केलेला १९७५ चा कायदा तेथे कामाचा नव्हता. पण गावकरी आणि निसर्गप्रेमी जागेवर उभे राहिले, बातमी सर्वत्र गेली, तेव्हाचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना लिहिले, आणि झाड राखून रस्त्याची आखणी बदलण्यात आली. आमच्या अप्पांनी तीन फुटांसाठी जे मागितले तेच तेथे महामार्गासाठी झाले.

आमच्या अर्जावर मार्चमध्ये सुनावणी झाली. ती इतकी साधी होती की थोडा हिरमोडच झाला. एका खोलीत चार खुर्च्या, एक पंखा, आमची मापे आणि त्यांचा नकाशा. अभियंत्याने खांबाचा मुद्दा लगेच मान्य केला. तो तरुण होता आणि नकाशा त्याच्याआधीच्या माणसाने केला होता. झाड राहील, गटार तीन फूट सरकेल, पायरी निघेल, वाळक्या फांद्या छाटल्या जातील, असा निर्णय लेखी मिळाला. त्या संध्याकाळी सायकलवाल्या काकांनी सगळ्यांना चहा पाजला. किराणा दुकानदारही आले होते.

मे महिन्यात गटाराचे काम सुरू झाले. सकाळी सातला जेसीबी आला आणि आठ वाजेपर्यंत बुंध्यापासून जेमतेम दीड हातावर, जुन्याच रेषेत, चार फूट खोल चर खणला गेला. चालकाकडे जुना नकाशा होता. बदललेला निर्णय कार्यालयाच्या फायलीत होता. ठेकेदारापर्यंत तो पोचलाच नव्हता. आम्ही धावत गेलो तेव्हा मनगटाएवढी जाड चार मुळे तुटून चरात लोंबत होती. चालक बिचारा गोंधळून म्हणाला, “ताई, झाड तर आम्ही तोडलंच नाही.”

यावेळी ती व्याख्या उपयोगी पडली. कोणत्याही प्रकारे इजा करणे म्हणजे तोडणेच, हे आम्ही त्याच दिवशी लेखी तक्रारीत लिहिले, जोडीला फोटो दिले, आणि दुपारपर्यंत काम थांबले. पुष्कळांना वाटते की झाडाची मुळे बुंध्याखाली सरळ खाली जातात. चिंचेसारख्या झाडाला खोल मूळ असते हे खरे, पण पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. जाड मुळे झाडाला दोरखंडासारखी ताणून धरतात. एका बाजूची तुटली की झाड हिरवे दिसत राहते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर एका वादळात कलते आणि मग ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून त्याची नोंद होते. बुंध्याला भिडवून सिमेंट केले तरी परिणाम असाच सावकाश होतो. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. दिल्लीतील झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच आदेश दिला होता, की बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढून माती मोकळी ठेवावी.

भोशाचा तो वड २०२२ च्या जूनमध्ये पावसात कोसळला. ही बातमी मला अप्पांनी चराच्या काठावर उभे राहून सांगितली. सुनावणी जिंकल्यावर त्यांनी ती मुद्दामच सांगितली नव्हती.

चर त्याच आठवड्यात मातीने बुजवला. तुटक्या मुळांची टोके अप्पांनी धारदार करवतीने सरळ कापून घेतली, म्हणजे कुजण्याची शक्यता कमी होते, आणि गटार नव्या रेषेत गेले. यंदा चिंच फुलली, चिंचाही लागल्या. फक्त चराच्या बाजूच्या दोन फांद्यांवर पालवी विरळ आहे. त्या फांद्यांचा फोटो दर महिन्याच्या एक तारखेला, एकाच जागी उभे राहून काढण्याचे काम नोटीस वाचणाऱ्या मुलीकडे आहे. बुंध्याभोवतीचे जुने सिमेंट फोडून माती मोकळी करावी, असा दुसरा अर्ज आम्ही जूनमध्ये दिला. त्याचा आवक क्रमांक माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेले नाही.